पोलो, अबार्थ आणि धानाचा मुलूख

भरडाईचा हंगाम ऐन भरात असताना राईस मिलमधली सॉर्टेक्स बसली की सगळी मिल थांबते. शेलर, पॉलिशर, ग्रेडर व्यवस्थित चालू असतात, पण काळा-पिवळा दाणा आणि खडा वेगळा काढणारं यंत्रच बंद पडल्यावर तांदूळ पोत्यात भरायचा कसा? दारात ट्रक उभा, हमाल बसून, सरकारी गोदामात तांदूळ जमा करायची तारीख तोंडावर. अशा वेळी मिलमालकाचा फोन येतो. “साहेब, सॉर्टेक्स चांगला दाणाही फेकून राहिली जी. कितीक वाजेपर्यंत पोहोचता?” यंत्राला काय झालं असेल हा प्रश्न नंतरचा. आधी वेळ विचारतात.

मी चंद्रपूरला राहतो आणि या यंत्रांच्या दुरुस्तीचं काम करतो. मूल, सावली, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, पुढे वैनगंगेपलीकडे वडसा, आरमोरी, गडचिरोली, आणि दक्षिणेला गोंडपिपरीवरून आष्टी, चामोर्शी, आलापल्ली हा माझा टापू. झाडीपट्टीतला हा सगळा धानाचा मुलूख. बांध्या, तलाव, बोड्या, आणि एका गावातून दुसऱ्या गावाला जाताना मध्ये जंगल लागतंच. या टापूत कामासाठी मी दोन गाड्या वापरल्या. पहिली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, २०१४ साली नवी घेतलेली. दुसरी फियाटची अबार्थ पुंटो, २०१८ साली एका ओळखीच्या माणसाकडून वापरलेली घेतली. मधली काही वर्षं दोन्ही अंगणात होत्या, त्यामुळे आज पोलोनं गेलो त्याच रस्त्यानं उद्या अबार्थनं जाणं व्हायचं. त्या अनुभवावरून हे लिहितो आहे.

ओळखीचे लोक नेहमी विचारत, जंगलातल्या कामाला अशा तापट गाड्या कशाला? बोलेरो घ्या, टायर मोठे, पत्रा जाड, कुठेही घाला. सल्ला चुकीचा नव्हता. पण माझं काम बहुतेक डांबरी रस्त्यावर होतं, आणि त्या रस्त्यावर खरी अडचण खड्ड्यांची नसते. ती असते पुढच्या ट्रकची. चंद्रपूर-बल्लारपूर भागात कोळसा, सिमेंट आणि राखेचे ट्रक, आष्टी-आलापल्लीकडे लोहखनिजाचे, आणि हंगामात सगळीकडे धानाचे. रस्ता बहुतेक ठिकाणी दोनपदरी, वळणं झाडांनी झाकलेली.

ओलांडण्याचा हिशेब एकदा कागदावर मांडला की वेगवान गाडी म्हणजे काय ते कळतं. पुढचा ट्रक ताशी ४० किलोमीटरनं चालला आहे असं धरा. त्याची लांबी आणि पुढचं-मागचं सुरक्षित अंतर मिळून तुम्हाला त्याच्या तुलनेत साधारण ५५ मीटर पुढे सरकायचं आहे. ओलांडताना तुमचा सरासरी वेग ६० असेल तर दहा सेकंद उजव्या बाजूला राहावं लागतं. तेवढ्यात तुम्ही १६७ मीटर जाता आणि समोरून ६०च्या वेगानं येणारं वाहनही १६७ मीटर जवळ येतं. म्हणजे समोर किमान ३३४ मीटर मोकळा रस्ता दिसायला हवा. तेच सरासरी ८०नं ओलांडलं तर पाच सेकंदांत काम होतं आणि दोनशे मीटरच्या आत भागतं. घंटाचौकी ते केळझर या पट्ट्यात तीनशे मीटर सरळ रस्ता दिसणं दुर्मीळ, दोनशे मीटर बऱ्याच ठिकाणी दिसतो. ताशी १६०ला जाणारी गाडी मला कधी लागली नाही. ४०वरून ८०वर लवकर जाणारी गाडी मात्र दररोज लागली.

अशा गाड्यांना जगभर हॉट हॅच म्हणतात. घरगुती छोटी गाडी, मागे उघडणारं दार, चार माणसं आणि सामान बसेल एवढी जागा, आणि आत तिच्या आकाराला न शोभणारं इंजिन. १९७६ साली फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय आली आणि हा प्रकार रुजला. आपल्याकडे २००१ साली फियाट पालिओची १.६ लिटरची आवृत्ती आली, तेव्हा मी शिकत होतो. नागपूरच्या रस्त्यावर ती पाहिल्यावर असं काही आपल्या हाती यावं हे पहिल्यांदा वाटलं. पण हा प्रकार भारतात फार वाढला नाही, त्याचं एक कारण कराच्या नियमात आहे. चार मीटरपेक्षा कमी लांबी आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत असेल तरच लहान गाडीची सवलत. पोलो जीटीचं इंजिन ११९७ सीसीचं, सवलतीत बसणारं. अबार्थचं १३६८ सीसीचं, त्यामुळे गाडी लांबीनं लहान असूनही कर मोठ्या गाडीचा. पोलो जीटी टीएसआय २०१३ साली आली तेव्हा दिल्लीतली किंमत ७ लाख ९९ हजार होती, अबार्थ पुंटो ऑक्टोबर २०१५मध्ये आली ती ९ लाख ९५ हजारांना. त्या पैशांत लोक मोठी सेडान घेत. सेडान दारात उभी असली की चारचौघांत दिसते. छोट्या गाडीतलं इंजिन दिसत नाही, म्हणून तिला गिऱ्हाईक थोडं.

दोन्ही गाड्या पुणे जिल्ह्यात जन्मलेल्या. पोलो चाकणच्या कारखान्यातली, अबार्थ रांजणगावच्या. आणि आज दोन्ही बंद आहेत. फियाटनं २०१९च्या सुमारास भारतातली आपली विक्री गुंडाळली, पोलो २०२२ साली थांबली.

आता पोलोविषयी.

पोलो जीटी टीएसआयचं इंजिन १०५ अश्वशक्तीचं, पण आकडा महत्त्वाचा तो दुसरा. १७५ न्यूटन मीटर टॉर्क, आणि तो १५०० फेऱ्यांपासून मिळू लागतो. म्हणजे इंजिन जवळजवळ झोपेत असतानाच ताकद हाताशी असते. त्याला जोडलेला सात गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स पुढचा गिअर आधीच तयार ठेवतो. ट्रकच्या मागे ४०नं चाललो आहे, वळण संपलं, समोर रस्ता मोकळा दिसला, पाय दाबला, की गाडी दोन-तीन गिअर खाली येऊन निघते. त्यात ड्रायव्हरला काही करावं लागत नाही. डोळे रस्त्यावर, दोन्ही हात स्टिअरिंगवर. दिवसभर मिलमध्ये कॅमेरे आणि एअर व्हॉल्व्ह तपासून डोळे शिणलेले असताना या सोयीची किंमत फार असते. ट्रक ओलांडला की गाडी पुन्हा वरच्या गिअरला जाऊन शांत होते. साठच्या वेगात इंजिन ऐकूसुद्धा येत नाही. काच खाली केली तर रातकिडे ऐकू येतात.

कोरडे क्लच असलेल्या या गिअरबॉक्सला रांगणं आवडत नाही हे वाहनांच्या जाणकारांना ठाऊक आहे. म्हणून मी एक शिस्त पहिल्यापासून पाळली. गोंदिया-बल्लारशा लाइनचं फाटक बंद असेल, किंवा खरेदी केंद्रापुढे ट्रॅक्टरांची रांग असेल, तर गाडी न्यूट्रलमध्ये. पुढे पुरेशी जागा झाली की मगच डीमध्ये टाकून सरळ पुढे न्यायची, फूट-फूट सरकायचं नाही. गाडी ओळखून चालवली की ती साथ देते, आणि पोलोनं मला अखेरपर्यंत साथ दिली.

माझ्या डिकीत काय असतं हेही सांगायला हवं, कारण गाडीचं मोजमाप त्याच्याशी बांधलेलं आहे. सॉर्टेक्समध्ये तांदूळ उतरत्या पन्हाळीवरून घरंगळत येतो, कॅमेरा प्रत्येक दाणा बघतो आणि खराब दाणा दिसला की हवेचा बारीक फवारा त्याला उडवून बाजूला टाकतो. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत घडतं. एचएमटीसारखा बारीक दाणा असेल तर वेळेचं गणित आणखी नाजूक. हा वाण नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या बांधीत निवडून वाढवला, याचा आमच्या भागाला अभिमान आहे. २०१८ साली ते गेले. आज भरडाईला येणाऱ्या धानात एचएमटी आला की मिलवाला सॉर्टेक्सच्या पडद्यासमोरून हलत नाही, कारण त्या तांदळाला भाव आहे आणि वाया गेलेला दाणा त्याला सोसत नाही. तर या यंत्रांचे कॅमेरे, भिंगं, इलेक्ट्रॉनिक बोर्ड घेऊन मी फिरतो. हे सामान हादऱ्याला भितं. दोन्ही गाड्यांची डिकी २८० लिटरच्या आसपास, म्हणजे जागा सारखीच. पण पोलोत बोर्डाची पेटी नुसती ठेवली तरी चालायची. अबार्थमध्ये मी खाली जाड फोम अंथरला आणि भिंगांची पेटी कायम पुढच्या सीटवर, पट्टा लावून.

कारण अबार्थ कडक आहे. तिची स्प्रिंग आखूड आणि ताठ, जमिनीपासूनची उंची १५५ मिलिमीटर. पोलोची सुमारे १० मिलिमीटर जास्त. कागदावर हा फरक बोटाच्या पेराएवढाही नाही. सावली तालुक्यातल्या एखाद्या गावच्या गतिरोधकावर तो फार मोठा होतो. पोलो सरळ चढते आणि सरळ उतरते. अबार्थ मी तिरकी घेतो, एक चाक, मग दुसरं, आणि बाजूच्या पानठेल्यावरची माणसं उठून मला दिशा दाखवतात.

पण हीच गाडी रस्ता बरा लागला की अशी काही बोलू लागते की माणूस गप्प होऊन ऐकतो. तिच्या नाकावर विंचू आहे. कार्लो अबार्थ यांनी १९४९ साली आपली कंपनी काढली आणि स्वतःची वृश्चिक रास तिचं चिन्ह केली. गावागावातली पोरं तिला विंचवाची गाडी म्हणतात, मिलच्या गेटवर गोळा होतात. टर्बो लावलेलं १.४ लिटरचं इंजिन, १४५ अश्वशक्ती, २१२ न्यूटन मीटर, साधा पाच गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स. दोन हजार फेऱ्यांच्या खाली इंजिन मंद वाटतं. त्यावर गेलं की मागून कुणीतरी ढकलल्यासारखी गाडी निघते आणि स्टिअरिंग हातात ओढ घेतं. पोलोची ताकद तुम्हाला दिली जाते, अबार्थची मागून घ्यावी लागते. ट्रक ओलांडण्याआधी तिसरा गिअर टाकून फेऱ्या वर आणून ठेवायच्या, मग निघायचं. हे विसरून चौथ्या गिअरमध्येच पाय दाबला तर क्षणभर काहीच होत नाही, आणि तो क्षण उजव्या बाजूला असताना फार लांब असतो. थकलेल्या माणसाला पोलो अधिक सुरक्षित, हे मी निःशंक सांगतो. ताज्या, जागरूक माणसाच्या हातात अबार्थ तोच ट्रक पोलोपेक्षा कमी वेळात मागे टाकते, हेही तितकंच खरं.

तिचं स्टिअरिंग हायड्रॉलिक आहे, जड. गावातल्या गल्लीत गाडी वळवताना दंड भरून येतात. पण डांबर कुठे खडबडीत झालं, कुठे वाळू आली, कुठे पाण्याचा पातळ थर आहे, हे सगळं त्या स्टिअरिंगमधून तळव्याला समजतं. पोलोचं स्टिअरिंग हलकं आणि अचूक आहे, पण ते इतकं सांगत नाही. दिवसा या गोष्टीचं फारसं काही वाटत नाही. रात्री फार वाटतं.

आमच्याकडचं रात्रीचं गाडी चालवणं हा वेगळा विषय आहे. दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात, वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव फिरतात, होळीपर्यंत झाडीपट्टीची रंगभूमी रात्रभर जागी असते. नाटक पहाटे संपतं. मग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, सायकलवर, पायी, अंगावर चादर घेतलेली माणसं रस्त्यानं परतत असतात. ट्रॉलीला मागे दिवा नसतो. बांध्यांवर धुकं उतरलेलं असतं. आणि भरडाईचा ऐन हंगाम नेमका तोच असल्यामुळे माझं परतणंही त्याच वेळेला. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला बाया रस्त्याच्या कडेला असतात, मे महिन्यात तेंदूपत्त्यासाठी घरचं सगळं माणूस जंगलात जातं. या माणसांच्या पुढ्यातून आपल्याला जायचं आहे हे लक्षात ठेवूनच इथे गाडी चालवावी लागते.

आणि जनावरं. चितळ एकटं नसतं. एक ओलांडून गेलं म्हणजे दुसरं येणार, ते थबकलं म्हणजे तिसरं मागे आहे. रानडुकरं खाली मान घालून थेट निघतात. रोही (नीलगाय) सगळ्यांत वाईट, कारण तो वजनानं भारी आणि त्याचे पाय असे लांब की गाडीनं धडक दिली तर सबंध अंग काचेवर येतं. मूल-चंद्रपूर रस्ता ताडोब्याच्या कडेच्या जंगलातून जातो, वाघही याच रस्त्यानं ये-जा करतात. माणूस, वाघ आणि वाहन यांची एवढी गर्दी असलेला रस्ता महाराष्ट्रात क्वचित असेल.

एका जानेवारीत नागभीडची मिल उशिरा सुरू झाली आणि मी सिंदेवाही-मूलमार्गे मध्यरात्रीनंतर निघालो. अबार्थ होती. केळझरच्या पुढे, साठच्या आसपास वेग असेल, डाव्या बाजूच्या झुडपातून एक नर रोही सरळ रस्त्यावर आला आणि दिव्यांच्या उजेडात उभा राहिला. मी ब्रेक दाबला. अबार्थला चारही चाकांना डिस्क आहेत. गाडी नाक खाली न घालता, फारशी रेषा न सोडता थांबत गेली, आणि स्टिअरिंगमधून मला डाव्या चाकाखालचा कडेचा मुरूम जाणवला, तेवढ्यावरून मी ती पुन्हा डांबरावर घेतली. रोह्यात आणि बंपरमध्ये जेमतेम गाडीभर अंतर उरलं. तो गेला. मी इंजिन चालू ठेवून बसलो, कारण रोह्यांमध्येही दुसरा असतो, आणि होताच.

हिशेब साधा आहे. ६०च्या वेगात एका सेकंदात गाडी जवळपास १७ मीटर जाते, हा झाला पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंतचा वेळ. पुढे कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी १७-१८ मीटर. एकूण ३५. तेच ८०ला धरलं तर २२ अधिक ३१, म्हणजे ५३ मीटर. डिपरवर असलेल्या दिव्यात नीट दिसणारा रस्ता साधारण तेवढाच असतो. म्हणजे ८०ला तुम्ही दिसण्याच्या सीमेवर चालला आहात, थोडं धुकं आलं की सीमेपलीकडे. चारही डिस्क, उत्तम टायर, जर्मन किंवा इटालियन नाव, काहीही या गणिताला हलवत नाही. पोलोच्या मागच्या चाकांना ड्रम आहेत, पण तिच्यात ईएसपी आहे, गाडी घसरू लागली तर स्वतः सावरणारी यंत्रणा. अबार्थमध्ये ती नाही. त्या रात्री रस्ता ओला असता तर मी पोलोत असणं पसंत केलं असतं.

ओल्या रस्त्याचा अनुभव रोवणीच्या दिवसांतला. जुलै-ऑगस्टमध्ये चिखलणी करून ट्रॅक्टर बांधीतून रस्त्यावर येतात, लोखंडी चाकांना चिकटलेला चिखल डांबरावर पसरवत जातात, वर रिमझिम पाऊस. असा रस्ता साबण लावल्यासारखा होतो. अबार्थची पुढची चाकं दुसऱ्या गिअरमध्येही फिरू लागतात, कारण ताकद अचानक येते आणि तिला आवरणारं कुणी नाही, फक्त ड्रायव्हरचा पाय. पोलोची ताकद मऊ येते, आणि जिथे चाक फिरू लागतं तिथे यंत्रणा ती कापते. पावसाळ्यात म्हणून मी बहुतेक पोलोच काढत असे.

दक्षिणेचा रस्ताही पोलोचाच. बल्लारपूर, कोठारी, गोंडपिपरी करत आष्टीचा वैनगंगेवरचा पूल ओलांडला की जंगल दाट होत जातं. आलापल्लीचा साग देशात नावाजलेला. अयोध्येच्या राम मंदिराच्या दारांसाठी इथल्याच जंगलातलं लाकूड २०२३ साली बल्लारपूरच्या डेपोतून गेलं. त्या सागाच्या सावलीतून जाणारा रस्ता एके काळी चालवायला फार देखणा होता. लोहखनिजाची वाहतूक वाढल्यावर तो ट्रकांच्या वजनाखाली दबला. चाकोऱ्या पडल्या, मधला भाग उंच राहिला, आणि अशा रस्त्यावर पोटाखाली १५५ मिलिमीटर घेऊन जाणं म्हणजे इंजिनच्या तेलाच्या टाकीशी खेळणं. अबार्थ मी आष्टीच्या मिलमध्ये लावायचो आणि पुढे तिथल्या बोलेरोनं जायचो. पोलो सावकाश, चाकोरी सोडून उंचवट्यावरून चालवत आलापल्लीपर्यंत जायची. त्यापुढे एटापल्ली, भामरागडकडे मी दोन्ही गाड्या नेल्या नाहीत. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, तिथे गाडीपेक्षा हवामानाचा अंदाज जास्त उपयोगी. टाक्या दोन्हींच्या ४५ लिटरच्या. माझ्या हाती पोलो लिटरला चौदा-पंधरा किलोमीटर द्यायची, अबार्थ अकरा-बारा. आलापल्लीच्या पुढे पंप विरळ होत जातात, तेव्हा हा फरक पैशांपुरता राहत नाही.

उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४७ अंशांपुढे जातो. गरम हवा विरळ असते, म्हणून टर्बोला तेवढीच हवा दाबायला जास्त श्रम पडतात आणि दुपारी दोन वाजता दोन्ही गाड्या सकाळपेक्षा मंद वाटतात. अबार्थमध्ये हे जास्त जाणवतं, कारण तिच्यात जाणवण्यासारखी ताकदच जास्त. लांबून जोरात आल्यावर मी गाडी लगेच बंद करत नाही, मिनिटभर चालू ठेवतो. टर्बोचा पंखा तापून लाल झालेला असतो, तेल फिरत राहिलं तर तो थंड होतो, इंजिन बंद केलं तर तेल तिथेच जळून बसतं. मिलचा चौकीदार दरवाजाशी येऊन म्हणायचा, “उतरा ना जी साहेब, सावलीत या.” त्याला एकदा समजावून सांगितलं. पुढे तोच इतरांना सांगू लागला की या गाडीला पोहोचल्यावर दम खाऊ द्यावा लागतो.

आणि कोंडा. राईस मिलच्या आवारात हवेत कोंड्याची भुकटी कायम असते, शिवाय तुसाची राख. इंजिनच्या हवेची जाळी या गाड्यांत कंपनीच्या पुस्तकात लिहिल्यापेक्षा निम्म्या अंतरातच झटकावी, बदलावी. जाळी तुंबली की टर्बोची गाडी सगळ्यांत आधी श्वास हरवते. मिलच्या आवारात गाडी ज्या बाजूनं वारा येतो त्या बाजूला, कोंड्याच्या पाइपापासून लांब लावायची, हा माझा नियम आहे आणि तो कुठल्याही गाडीला लागू आहे.

इथवर वाचून कुणालाही वाटेल की पोलो सरस. थकव्यात, पावसात, दक्षिणेच्या रस्त्यावर, पेट्रोलमध्ये, सामानाला, सगळीकडे पोलो. तरीही २०२१ साली एकच गाडी ठेवायची वेळ आली तेव्हा मी पोलो विकली आणि अबार्थ ठेवली. त्याचं कारण रस्त्यावर नाही, गॅरेजमध्ये आहे.

चंद्रपुरात माझा एक जुना मिस्त्री आहे. डिझेल स्विफ्टचं इंजिन मुळात फियाटचं, ते त्यानं किती उघडलं असेल त्याला हिशेब नाही. अबार्थचा बॉनेट उघडून त्यानं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, “यात माझ्या हाताबाहेरचं काही नाही भाऊ.” साधा मॅन्युअल गिअरबॉक्स, एकच क्लच, हायड्रॉलिक स्टिअरिंग, जुन्या पद्धतीचं इंजेक्शन. टर्बो सोडला तर सगळं तो स्वतः करू शकतो. इंजिन लिनिआ टी-जेटच्याच घराण्यातलं, त्यामुळे बरेच सुटे भाग जुळतात, पुण्याहून ट्रान्सपोर्टनं येतात. पोलोचं तसं नाही. डीएसजीचं काम म्हणजे कंपनीचा संगणक, खास हत्यारं आणि शिकलेला माणूस, आणि ते सगळं माझ्यासाठी नागपूरला, दीडशे किलोमीटरवर. जोवर कंपनीची गाडी तरुण आहे तोवर हा प्रश्न येत नाही. गाडी दहा वर्षांची होते, कंपनी ते मॉडेल बंद करते, तेव्हा गाडी किती दिवस चालेल हे ठरवणारा माणूस तुमच्या गावात राहतो की नाही, यावर सगळं येऊन ठेपतं. मी स्वतः मिलवाल्यांना वर्षानुवर्षं हेच सांगत आलो आहे. नवी सॉर्टेक्स घेताना कॅमेरे किती, चॅनेल किती हे बघा, पण आधी विचारा की बंद पडली तर दुरुस्त करणारा किती तासांत येईल. तोच निकष मी गाडीला लावला.

दुसरं कारणही आहे, आणि ते लपवायचं काही कारण नाही. पोलोनं मला मिलपर्यंत नेलं आणि घरी आणलं, अगदी निमूट. अबार्थनं प्रत्येक फेरीत मला जागं ठेवलं. ती कामात लक्ष मागते. रात्री केळझरच्या वळणांवर असं लक्ष मागणारी गाडी मला हवीशी वाटते. हे सगळ्यांना लागू होईल असं मी म्हणणार नाही, कारण दमलेला माणूस लक्ष देऊ शकत नाही. म्हणून आता सलग दोन मिलची कामं झाली की मी रात्री निघत नाही, मिलच्याच खोलीत झोपतो आणि उजाडल्यावर निघतो. दक्षिणेची कामं आष्टीपर्यंत अबार्थनं, पुढे मिलवाल्याच्या गाडीनं, आणि रोवणीच्या पावसात शक्य तेवढं बसनं.

तेव्हा कुणी या भागातला वाचक यांतली एखादी जुनी गाडी घ्यायच्या विचारात असेल तर माझं मत असं. काम मूल, नागभीड, ब्रह्मपुरी, गडचिरोली या पट्ट्यात असेल, गिअर टाकायचा कंटाळा नसेल आणि गावात हुशार मिस्त्री असेल, तर अबार्थ घ्या. आधी ती उचलून तिचं पोट, सस्पेन्शनचे आर्म आणि चारही रिम नीट बघा, कारण या रस्त्यांचा इतिहास तिथेच लिहिलेला असतो. दर आठवड्याला वैनगंगेपलीकडे दक्षिणेला जाणं असेल, गाडी घरातल्या इतरांनीही चालवायची असेल, नागपूरला जाणं-येणं असेल, तर पोलो घ्या आणि डीएसजीच्या देखभालीची सगळी कागदपत्रं मागा. कागद नसतील तर किंमत कितीही कमी सांगितली तरी परत या. आणि भामरागड, एटापल्लीच्या आत कामं असतील तर दोन्ही घेऊ नका.

गाडी कुठलीही असो, अंधार पडल्यावर चिचपल्ली ते केळझर ताशी पन्नासच्या वर नेऊ नका. एक चितळ गेलं की थांबा.